हे कोणी केलं?

वरळीच्या बीडीडी चाळीतली आमची खोली रिकामी करायची ठरली तेव्हा दादा म्हणाला, दोन दिवसांत उरकेल. एकशे साठ चौरस फुटांची खोली, तिला वेळ तो किती लागणार! कपाट, गॅस, भांड्यांची पोती, गाद्या हे सगळं खरोखरच पहिल्या दुपारी खाली गेलं. पुढचे सहा दिवस भिंतींनी घेतले. एकेक खिळा मोकळा करायचा, त्यावरची वस्तू हातात घ्यायची, आणि ती ठेवायची की टाकायची यावर आम्ही तिघाचौघांनी बोलत बसायचं. मी डोंबिवलीहून रोज सकाळच्या गाडीनं जात होते. लग्न होऊन त्या खोलीतून बाहेर पडले त्याला आता तीस वर्षं होतील, तेव्हा माझं तिथे तसं काही काम नव्हतं. पण भिंती उतरवायच्या आहेत म्हटल्यावर घरी बसवेना. सगळ्यात शेवटी उतरली ती दोन हंसांची चौकट. तिच्याबद्दल पुढे सांगते.

ज्यांनी बीडीडी चाळ आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या या चाळी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी अशा चार ठिकाणी उभ्या राहिल्या. एकट्या वरळीत १२१ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले. मजल्यावर मधोमध लांब अंधारा बोळ, दोन्ही हातांना दहा-दहा खोल्या, दारासमोर दार. संडास सगळ्यांचे मिळून. खोलीला एक खिडकी, एक मोरी. आमच्या खोलीत आजी, आई-बाबा, काका, लग्न होईपर्यंत आत्या आणि आम्ही दोघं भावंडं राहिलो. रात्री वळकट्या सोडल्या की पाय ठेवायला जागा नसे. जमीन झोपायला लागायची, म्हणून आमच्याकडची सगळी शोभा भिंतीवर चढली. आणि भिंत काँक्रीटची. तिच्यात खिळा सहज जात नसे. आधी छिन्नीनं भोक पाडायचं, त्यात लाकडाचा गुटका ठोकून बसवायचा, मग त्यात खिळा. त्यामुळे खिळा कुठे मारायचा हे आई, आजी आणि बाबा दोन-दोन दिवस बोलून ठरवत. एकदा जागा ठरली की ती जागा त्या वस्तूची, कायमची.

भिंतीवर पहिला मान फळीचा. एका भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत, डोक्याच्या वर, लाकडी फळ्या मारलेल्या होत्या. त्यावर पितळी डबे उतरत्या क्रमानं, मग कळशा, मग तांबे, टोकाला हंडे. रोजची भांडी खाली मांडणीत असत. फळीवरचं ते आजीच्या लग्नातलं, आईच्या लग्नातलं, आणि आईनं पै-पै साठवून जोडलेलं. गणपतीच्या आधी सगळं खाली यायचं, चिंचेनं लख्ख व्हायचं आणि पुन्हा त्याच क्रमानं वर जायचं. क्रम चुकला तर समोरच्या खोलीतल्या काकू आपल्या दारातूनच सांगत, "अगं, तो कडीचा डबा मधेच आलाय बघ."

आणि त्या डब्यांखाली असायची झालर. वर्तमानपत्राची. तिच्याबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे, कारण इतकी स्वस्त आणि इतकी देखणी दुसरी वस्तू मी कोणाच्याही घरात पाहिलेली नाही. वर्तमानपत्राचं दुहेरी पान घ्यायचं, त्याला चार-चार बोटांच्या घड्या घालायच्या, पंख्यासारख्या. खालच्या कडेला कात्रीनं अर्धगोल द्यायचा. मग घडीच्या दुमडीवर बारीक त्रिकोण, शंकरपाळी, चंद्रकोर. पान उलगडलं की जाळी तयार. ती फळीच्या कडेवरून खाली लोंबेल अशी पसरायची आणि वर डबे ठेवायचे. डब्यांच्या वजनानंच कागद जागेवर राही. आमच्याकडे 'नवाकाळ' यायचा, तोही शेजाऱ्यांबरोबर अर्धा-अर्धा. वाचून झालेला अंक कोणी ठेवायचा याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या, आणि श्रावण लागला की बायका त्या पाळ्यांवर लक्ष ठेवून असत. रंगीत पान आलं तर ते देव्हाऱ्याजवळच्या फळीला.

प्रत्येक घरची जाळी वेगळी. बोळातून जाताना उघड्या दारांतून फळ्या दिसत, आणि कोणाच्या घरात कोणती जाळी हे मला पाठ होतं. समोरच्या काकूंची पानाची, टोकाच्या खोलीतल्या आजींची नुसत्या त्रिकोणांची. त्यांचे डोळे अधू झाले होते, पण कागद दुसऱ्या कोणाला कापू देत नसत. आईची खूण म्हणजे दोन अर्धगोलांच्या मधे एक थेंब. तो ती सगळ्यात शेवटी कापायची, कात्री जागच्या जागी धरून कागद फिरवत. घरी पाहुणी आली की पाणी पिता पिता वर बघायची आणि विचारायची, "हे कोणी केलं?" आई कधी 'मी' म्हणाली नाही. म्हणायची, "घरातच केलंय."

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. बाबा साचेखात्यात होते. मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, आणि तो संप मागे घेतल्याचं पुढे कधी कोणी जाहीर केलंच नाही. एकेका घरात तो आपला आपण विझत गेला. त्या वर्षी चुन्याला पैसे नव्हते. एरवी गणपतीच्या आधी बाबा आणि काका मिळून खोलीला चुना काढायचे, त्यात थोडी नीळ घालायचे, म्हणजे पांढरा रंग डोळ्यांना गार लागतो. त्या वर्षी भिंती तशाच राहिल्या, स्टोव्हकडची तर काळीच. फळीवरचे दोन हंडे आणि सगळ्यात मोठा डबा मोडीत गेले. घरात कोणी त्याबद्दल बोललं नाही, पण शाळेतून आल्या आल्या मला कळलं, कारण क्रमात खिंडार पडलं होतं. आईनं उरलेले डबे थोडे थोडे सरकवून ते भरून काढलं. मग ती कात्री घेऊन बसली. मी दहा वर्षांची होते. यंदा झालर नसणार असं मी धरूनच चालले होते. तिच्या मांडीवर संपाच्या बातम्यांनी भरलेलं पान होतं, आणि ते तिनं नेहमीइतकंच सावकाश कापलं, थेंबासकट. बाबा बघत होते. ते उठले, स्टुलावर चढले आणि त्यांनी कागद पसरून दिला. तोवर फळीला हात लावणं हे आमच्याकडे बायकांचं काम होतं. तो गणपती उसनवारीवर झाला, पण घर लावलेलं होतं. पैसे उरले की मग घर लावायचं, असं म्हणणाऱ्यांशी माझं तेव्हापासून जमत नाही.

फळीखाली, देव्हाऱ्याच्या वर, लक्ष्मीची तसबीर होती. ती आजीची. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. जी चित्रं तोवर राजवाड्यांच्या भिंतींवर होती, त्यांच्या रंगीत छापील प्रती या छापखान्यामुळे बाजारात आल्या आणि साध्या माणसांच्या देवघरापर्यंत पोचल्या. मग त्यांच्या नकला निघाल्या, नकलांच्या नकला निघाल्या, त्या कॅलेंडरांवर चढल्या. आजीची तसबीर अशाच कुठल्या तरी नकलेची असणार. चाळीत तोच चेहरा, तेच कमळ, तेच दोन हत्ती आणखी कितीतरी खोल्यांत होते. पण आमची लक्ष्मी लांबून ओळखू यायची, कारण आजीनं तिला लुगडं नेसवलं होतं. खरंखुरं. काच काढून, चित्रातल्या साडीवर आपल्या विरलेल्या लुगड्याच्या काठाची जर कापून खळीनं चिकटवली होती. गळ्यात बारीक मोत्यांची सर, मुकुटावर टिकल्या. खळ शिजवताना त्यात मोरचूद घातलं होतं, म्हणून इतक्या वर्षांत कसर लागली नाही.

लहानपणी मला वाटे की हे फक्त आजीलाच सुचलं. पुढे एका संग्रहालयात तशाच तसबिरी पाहिल्या तेव्हा कळलं की छापील चित्रांना जर, टिकल्या, कापड लावून नटवायची रीतच होती. कुठल्या कुठल्या घरांतल्या, एकमेकींना कधी न भेटलेल्या बायकांनी हेच केलं होतं. मी त्या काचेसमोर बराच वेळ उभी राहिले. छापखान्यातून हजारांनी निघालेलं चित्र विकत आणायचं, आणि मग कात्री, सुई, खळ घेऊन ते आपलं करून टाकायचं! घर सजवणं म्हणजे काय असं मला कोणी विचारलं तर मी त्या तसबिरीकडे बोट दाखवीन. हात फिरे तिथे लक्ष्मी शिरे, असं आजी केर काढताना, भांडी लावताना म्हणायची. त्या तसबिरीवर तिचा हात फिरलेला दिसतो. डाव्या बाजूला जर थोडी वाकडी लागली आहे.

दिवाळीच्या कंदिलाबद्दल फार लिहीत नाही. त्याच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि झिरमिळ्या मराठी माणसाला सांगायला नकोत. एवढंच की आमच्या बोळात एकासारखा दुसरा कंदील नसे, आणि काकाचा कंदील दरवर्षी एका बाजूला थोडा कलायचा. तो कललेला कंदील दिसला की जिन्यातूनच घर आल्याचं कळायचं.

रुखवताबद्दल मात्र लिहायला हवं. रुखवत म्हणजे मुळात लग्नात नवऱ्या मुलाकडे न्यायचे खाण्याचे पदार्थ. त्या ताटांशेजारी मुलीनं हातानं केलेल्या वस्तू मांडायची पद्धत पडली, आणि माझ्या लहानपणापर्यंत खाण्यापेक्षा वस्तूंचीच आरास मोठी झाली होती. क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणं, कापसाचा ससा, सुपाऱ्यांचे नवरानवरी, चौकटीत भरलेलं 'सुस्वागतम्'. बायका रांगेनं बघत जात आणि तोच प्रश्न विचारत, फक्त जरा खणखणीत आवाजात: "हे मुलीनं स्वतः केलंय का?" उत्तर ठरलेलं असे: हो. खरं म्हणजे चाळीत एखादं लग्न ठरलं की दोन महिने दुपारी बोळात चटया पडत आणि सगळा मजला तिच्या रुखवताला हात लावायला येई. तोरणाचा काठ एकीचा, मधली वेल दुसरीची, सुपाऱ्यांना डोळे काढणारी तिसरीच. 'मुलीनं केलं' हे खोटं आहे असं कोणाला वाटत नसे. ती मुलगी सगळ्यांचीच होती.

आता रुखवताचा तयार संच भाड्यानं मिळतो. सकाळी मांडायचा, त्याच्यासमोर फोटो काढायचे, संध्याकाळी परत. मला याचं वाईट वाटतं. नोकरी करणाऱ्या मुलीनं दोन महिने मणी ओवत बसावं असं मी म्हणत नाही. मी स्वतः नोकरी करत होते आणि माझ्या रुखवतातल्या निम्म्या वस्तू आईच्या आणि काकूंच्या हातच्या होत्या. पण परत न जाणारी एक तरी वस्तू तिच्याबरोबर नव्या घरी जावी. माझ्याबरोबर मण्यांचं तोरण आलं. हिरवे रावे, मधे लाल कळस. डोंबिवलीतल्या माझ्या दाराला ते तीस वर्षं आहे. दोनदा दोरा तुटला, दोन्ही वेळा मी मणी वेचून पुन्हा ओवले. एका राव्याचा डोळा हरवला तेव्हा तिथे मंगळसूत्रातला काळा मणी घातला.

सगळंच सुंदर होतं असं मी म्हणणार नाही. प्लॅस्टिकची फुलं होती, ती साबणाच्या पाण्यात बुडवून खिडकीत वाळत घालत. प्लॅस्टरचं आंब्या-सीताफळाचं ताट होतं, त्यातलं सीताफळ मला कधी आवडलं नाही. आणि भिंत इतकी भरत गेली की शेवटी शेवटी चुन्याचा रंग कोणता हे आठवेना. पण त्या सहा दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. विकत आणलेल्या वस्तू टाकताना आम्हाला काही वाटलं नाही. फुलं, सीताफळ, काचेची बाहुली, कुठल्याशा दुकानाची भेट म्हणून आलेलं घड्याळ, सगळं वहिनीनं पटापट पोत्यात भरलं. हातानं केलेली वस्तू, मग ती कितीही बेढब असो, पोत्याजवळ जाऊन परत येत होती. दादासारखा माणूस, ज्यानं कधी घराच्या सजावटीकडे मान वर करून पाहिलं नाही, तो कापसाचा पिवळा पडलेला ससा हातात घेऊन पाच मिनिटं उभा होता.

माझी पुतणी चोवीस वर्षांची आहे. पुनर्विकासात पाचशे चौरस फुटांचं घर मिळणार, त्याचं चित्र तिच्या फोनमध्ये आधीच तयार आहे. मातीच्या रंगाची एक भिंत, वेताचा दिवा, सुती दोऱ्यांच्या गाठी मारून केलेला भिंतीवरचा पडदा. तिची नजर चांगली आहे. तिनं निवडलेलं सगळं मलाही आवडलं. हातानं केलेलं दिसेल असंच तिला हवं असतं. तिनं दोऱ्यांचा पडदा दाखवला तेव्हा मी सवयीनं विचारलं, "हे कोणी केलंय गं?" तिनं बोटानं वर-खाली करत सगळं पान पाहिलं. किंमत होती, लांबी-रुंदी होती, कोणत्या तारखेला घरी पोचेल ते होतं. करणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. कोणीतरी बसून त्या शेकडो गाठी मारल्या होत्या. पुतणी थोडा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "आत्या, एवढ्या गाठी मला जमतील का?"

जमल्या. दोन रविवार लागले आणि सुती दोऱ्याची तीन बंडलं. पडदा एका बाजूला दोन बोटं आखूड झालाय. ती उसवायला निघाली होती, मी हात धरला.

फळीची जाळीही मी तिला शिकवली. सध्या ती सगळी भाड्याच्या घरात आहेत. तिथे भिंतीला खिळा मारू देत नाहीत, आणि घरमालकाचं त्यात चूक आहे असंही नाही. झालरीला खिळा लागतच नाही. पुस्तकांच्या मांडणीवर तिनं रद्दीचा कागद कापून पसरला आणि वर आईचे उरलेले पितळी डबे ठेवले, उतरत्या क्रमानं. आईचा थेंब तिला साधला नाही. तिचा आकार वेगळाच आला, गव्हाच्या दाण्यासारखा. तो तिचा.

आता हंसांची चौकट. दाराच्या वर, अगदी छताजवळ असायची ती. निळ्या पाण्यात एकमेकांकडे तोंड केलेले दोन पांढरे हंस, भोवती कमळं, कापड पिवळट झालेलं. दादा म्हणाला, आईनं केलंय. मला ते पटलं नाही. आईच्या भरतकामाची मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ असायची, ती दोरा नेहमी टाक्यांखाली लपवायची. आम्ही चौकट उघडली. कापडाची मागची बाजू गाठींनी भरलेली होती, एका कमळावरून दुसऱ्या कमळावर लांब लांब उड्या मारलेले दोरे. हात नवशिक्याचा होता. पाठीला लावलेला वर्तमानपत्राचा तुकडा १९६७ सालचा निघाला, म्हणजे आई या घरात येण्याच्या आधीचा. पण चौकटवाला जुनी रद्दीही वापरत असेल. मग आत्या? आत्याच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, आईनं जन्मात सुई धरली नाही. आजी? आजी भरतकाम करत नसे. काकूंपैकी कोणी बाबांच्या लग्नात आहेर म्हणून दिलं असेल? ज्यांना विचारायचं त्या समोरच्या काकूही आता नाहीत. चाळीतल्या दोन जुन्या शेजारणींना फोटो पाठवले. दोघींनाही चौकट आठवत होती, करणारी आठवत नव्हती. पन्नासहून अधिक वर्षं आम्ही त्या हंसांखालून रोज आत-बाहेर केलं, आणि घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुणीनं जो प्रश्न विचारला तो आमच्यापैकी कोणीच कधी विचारला नाही.

कोणीतरी एक मुलगी होती. तिला साखळी टाका नुकताच शिकवला होता. उजव्या हंसाची मान तिला तीनदा उसवावी लागली. कापडावर सुईची भोकं अजून दिसतात. डावा हंस पहिल्या झटक्यात जमलाय. चौकट पुतणीनं मागून घेतली आहे, ती नव्या घरात दाराच्या वरच लागणार.

चौकट उघडली त्या रात्री घरी येऊन मी पहिलं काम केलं ते तोरण उतरवण्याचं. मागच्या पट्टीवर लिहिलं: आई, समोरच्या काकू आणि मी, वरळी, १९९५. मग आजीच्या तसबिरीच्या पाठीवर आजीचं नाव लिहिलं, पुतणीच्या पडद्याला कापडाची बारीक पट्टी टाचून तिचं. तुमच्या घरातही असं काही असेल: एखादी गोधडी, क्रोशाचा रुमाल, मुलानं शाळेत केलेलं मातीचं भांडं, सासूबाईंनी भरलेली उशीची खोळ. आज ते हातात घ्या, उलटं करा, आणि कोणी केलं, कुठे, कोणत्या साली, ते मागे लिहून ठेवा. ज्यांना माहीत आहे त्या अजून घरात आहेत, त्यांना विचारून लिहा. कापडावर लिहायचं तर पेन्सिलीनं लिहा. शाई पुढच्या बाजूला उतरते.